ओलीस ठेवलेला डबा

"समोरच्या घरात कोणी राहत नाही," असं मी त्या जपानी मुलीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एवढंच. एक वाक्य. त्या एका वाक्याने माझी जी वाट लागली ती सांगायला आज बसले आहे. मी सांगणं भागच आहे, कारण आमच्या सोसायटीत हीच गोष्ट सात जणी सात तऱ्हांनी सांगतात आणि सातही तऱ्हांत मी पहिल्यापासून वेडी ठरते. माझ्या तऱ्हेत निदान बराच वेळ तरी ठरत नाही.

मी माणिक ठोसर. वय चौऱ्याहत्तर. जोगेश्वरी पूर्व, एकोपा सोसायटी, दुसरा मजला. शाळा तिसरीपर्यंत, आणि तिथली अक्षरंही पुढे विसरले. पुढचं शिक्षण मरोळच्या एका भांड्यांच्या कारखान्यात. तिथे मी स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचे. ते मशीन पेनासारखं हातात धरायचं, टर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उमटतं. पहिले सहा महिने मी चिठ्ठीवरची अक्षरं नुसती चित्रासारखी उतरवत होते. सातव्या महिन्यात एका लग्नाच्या तांब्याची चिठ्ठी आली आणि मी मालकाला म्हटलं, "शेठ, हिच्यात नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव लिहिलंय." मालक माझ्याकडे बघत राहिला. मीही स्वतःकडे बघत राहिले. मला वाचता येत होतं!

त्यानंतर मी थांबले नाही. स्टेशनजवळच्या वाचनालयातली तीन कपाटं संपवली, चौथं चालू आहे. इंग्रजी शांपूच्या बाटल्यांवरून शिकले. (त्यामुळे माझं इंग्रजी जरा फेसाळ आहे, पण चालतं.) आणि अंधेरी ते गोरेगाव कुठल्याही घरात जाऊन चार वाट्या उलट्या करा, एकीखाली तरी माझं अक्षर सापडेल. ओळखायची खूण सांगते. मी 'ठ' काढला की त्याच्या पोटात एक जास्तीचा ठिपका देते. ठोसरांचा शिक्का.

तर माझी नात गंधाली. मुलगा-सून नोकरीसाठी बडोद्याला, ती आमच्याकडे राहून अंधेरीच्या कॉलेजात शिकते. तिथे तिने जपानी भाषा घेतली. कॉलेजचं जपानशी काहीतरी देवाणघेवाणीचं ठरलं आणि तिचे विद्याधर सर आमच्या घरी येऊन सोफ्यावर टोकाला बसले.

"आजी, सहा मुली, सहा घरं. प्रत्येक घरात एक जपानी विद्यार्थिनी चार आठवडे राहील. शेवटी ती घराचा अहवाल लिहील. त्यावरून आमच्या सहा जणींतल्या दोघी ऑक्टोबरात सहा महिने जपानला जातील."

"म्हणजे परीक्षा आमची आणि पास व्हायची ती हिने?"

"तसंच काहीसं. घाबरायचं कारण नाही. त्यांना फक्त आपली संस्कृती समजून घ्यायचीय. यंदाचा विषय ठेवलाय 'शेजार'."

मी कप खाली ठेवला.

"दुसरा विषय नाही का? लोणची वगैरे?"

"नाही, विषय छापून झालाय."

सर गेल्यावर गंधाली माझ्या समोर येऊन उभी राहिली. लहानपणापासून ही पोरगी भिंतीवर जपानचा नकाशा लावून झोपते. "आजी," ती म्हणाली, "आता तरी शकूआजीशी बोल ना यार. चार आठवडे फक्त. नंतर परत भांड."

"मेले तरी नाही," मी म्हटलं.

आता ते प्रकरण सांगावंच लागणार. शकू नेरुरकर माझ्या समोरच्या दारात राहते. मूळची मालवणची. आम्ही दोघी एकाच कारखान्यात, मी नावं घालायला, ती पॅकिंगला. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने सगळ्या चाळीस बायकांना आठवण म्हणून एकेक मोठा पुरीडबा दिला. चाळीसही डबे एकाच मापाचे, आणि चाळीसही नावं मीच घातली. घरंही आम्ही दोघींनी मुद्दाम समोरासमोर घेतली. तीस वर्षं तिच्या कुकरची शिट्टी ऐकून मी माझा कुकर बंद करत होते, इतकं प्रेम.

आणि मग ती संक्रांत आली. अकरा वर्षं झाली. मी माझ्या त्या डब्यातून तिला तिळाचे पंचवीस लाडू पाठवले. डबा परत आला नाही. चार दिवस, आठ दिवस, रथसप्तमी उलटली. मी काही हलकट नाही, डब्यासाठी जीव टाकणारी. पण रीत म्हणून काही असते की नाही? शेवटी जिन्यात, तीन बायकांच्या देखत, मी हसत हसत विचारलं, "शकू, लाडवांचा डबा राहिला गं माझा."

तर ही बया म्हणते, "तो होय? तो माझोच."

माझोच! भर जिन्यात! तीन साक्षीदार! मी तिथून जी वर आले ती दार लावूनच घेतलं. योगायोगाने तेव्हा तिचा दिवाळीच्या अनारशांचा डबा माझ्याकडे होता. मी तो कागदात गुंडाळला, सुतळीने बांधला आणि आमच्या ह्यांच्याकडून माळ्यावर टाकून घेतला. माझा येईपर्यंत तुझा ओलीस. अकरा वर्षांत मी त्या डब्याचं तोंड बघितलं नाही. शत्रूची वस्तू वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

मार्चमध्ये ती मुलगी आली. सायाका नाव. मात्सुयामा गावची. अंगाने काडीसारखी, पण दोन बॅगा एकटीने दुसऱ्या मजल्यावर घेऊन आली. तिकडच्या कॉलेजात हिंदी शिकलेली, त्यामुळे अक्षरं आपलीच, आणि गंधालीने सहा महिने फोनवरून तिला मराठी शिकवलेली. शिवाय हातात एक छोटी वही. मी काहीही बोलले की ती वहीत लिहायची आणि आधी नंबर टाकायची.

मी तिला शिकवायला भाषण तयार ठेवलं होतं. पहिला धडा, चपला बाहेर काढणे. पण तिने माझ्या आधीच बूट काढले आणि वर आमच्या सगळ्यांच्या चपला फिरवून, तोंडं दाराकडे करून, रांगेत मांडून ठेवल्या.

आमचे हे बाहेर आले, चपलांकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "ही आल्या आल्या आपल्याला घालवतेय की काय?"

(त्यांच्याकडे तो आदर असतो, हे मला नंतर कळलं. बाहेर पडताना माणसाला वळावं लागू नये म्हणून. तोवर मी त्या चपला तीनदा उलट्या फिरवून ठेवल्या होत्या आणि तिने तीनदा सुलट्या.)

जेवताना तिने विचारलं, "आजीजी, माफ करा, एक प्रश्न. तुम्ही आजोबांना 'अहो' म्हणता. त्यांचं नाव काय?"

"अनंत," गंधालीने सांगितलं. "आजी नाव घेत नाही."

"का?"

"मान असतो," मी म्हटलं. "आमच्या वेळच्या बायकांत ज्याचा मान मोठा त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. 'हे', 'ते', 'तिकडून' असं म्हणायचं."

तिने लिहून घेतलं. नियम तीन. मला काय ठाऊक ती तो नियम कुठे लावणार आहे!

मग तिने वहीचं पान उलटलं. "आणि समोर कोण राहतं?"

गंधालीने माझ्याकडे बघितलं. ह्यांनी वरणाकडे बघितलं.

"समोरच्या घरात कोणी राहत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

सायाकाने पेन थांबवलं. "आजीजी, रिकाम्या घरात कुकर?"

"वरच्या मजल्यावरचा. मुंबईत आवाज फिरतो."

दुसऱ्या दिवशी दारातून तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. असला वास की मेलेला माणूस उठून ताट मागेल. सायाका नाक वर करून म्हणाली, "आजीजी, वास पण फिरतो?"

"फिरतो."

तिसऱ्या दिवशी शकू पॅसेजमध्ये उभी राहून फोनवर भावाशी भांडत होती. तिला फोनची गरज नसते, नुसतं तोंड मालवणच्या दिशेला केलं तरी पुरतं. सायाका कान देऊन ऐकत राहिली.

"आणि बाई पण फिरते?"

"ती होय? ती येते कधी कधी. ती... तिचं सोड."

सायाकाने मान हलवली, काहीतरी लांबलचक लिहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, बघ माणिक, पोरगी कशी गुंडाळलीस. तिसरी शिकलेली बाई, पण विद्यापीठाला भारी!

इकडे माझं शिकवणं जोरात चालू होतं. केर उंबऱ्याबाहेर कधी काढायचा, दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा 'नको' का म्हणायचं आणि दुसऱ्यांदा 'थोडंसं' का म्हणायचं, सगळं. सातवा नियम मात्र मी अगदी उभं राहून सांगितला.

"शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. कधीच नाही. काही नसेल तर साखर घाल, दोन लिंबं घाल. पण रिकामं भांडं परत पाठवणारी बाई ती बाईच नव्हे. आणि भांडंच परत न करणारी तर..." पुढचा शब्द मी गिळला. त्याला नंबर पडला असता.

सायाकाचे डोळे एकदम चमकले. "आजीजी! माझी आजी पण! आमच्याकडे पण! ती रिकाम्या डब्यात काडेपेटी ठेवते. काही नसेल तर काडेपेटी."

"काडेपेटी?"

"लहान भेट. डबा एकटा जाऊ नये."

खरं सांगते, मला भरून आलं. कुठलं ते मात्सुयामा, कुठली ती म्हातारी, आणि डब्याची काळजी तीच. मी तिला लिंबाचं लोणचं वाढलं. माझं लिंबाचं लोणचं दोन वर्षं मुरवलेलं असतं, मी ते पोटच्या पोरालासुद्धा मोजून देते. ह्याहून मोठा मान आमच्या घरात नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून घरात चमत्कार सुरू झाले.

मी रोज चार वाजता वाचनालयात जाते, सहाला येते. एका दिवशी आले तर ओट्यावर ओल्या काजूची उसळ. मी गंधालीला विचारलं, "कुणी केली?"

"झाली," ती म्हणाली.

मी खाल्ली. मग आणखी वाटीभर खाल्ली. "गंधाली, हात आला गं तुला! इतक्या वर्षांत अशी उसळ मी खाल्ली नव्हती." (खाल्ली होती. अकरा वर्षांपूर्वी. पण जिभेला काय, ती तारखा ठेवत नाही.)

दोन दिवसांनी घावणे. मग खाजं. मग मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी. मी प्रत्येक वेळी गंधालीची पाठ थोपटत होते, ती खाली बघत होती, आमचे हे दुसऱ्यांदा वाढून घेत होते, आणि सायाका वहीत लिहीत होती. मी वाचनालयात जाऊन चार बायकांना ऐकवलं सुद्धा, "माझ्या नातीच्या हाताला काय चव आहे! समोर एक आहे, जन्मभर मालवणीचा तोरा मिरवते, पण अशी मुगागाठ तिला सात जन्मांत जमायची नाही."

त्याच वेळी माझ्या लोणच्याची बरणी मात्र खाली खाली जाऊ लागली. चार बोटं, मग वीतभर. मी ह्यांना धरलं.

"लोणचं कुठे जातंय?"

"मुंबईत सगळं फिरतं म्हणे," हे म्हणाले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी मेली नातीच्या कौतुकात आंधळी झालेली. खरा प्रकार असा होता: मी चारला गेले की सायाका समोरचं दार वाजवायची. एका छोट्या डब्यात माझं लोणचं घालून द्यायची आणि शकू तो डबा काहीतरी करून भरून पाठवायची. शकूची समजूत, माणिक वरमली, पण तोंडाने बोलायला लाजतेय. म्हणून तीही जोरात रांधायला लागली. सायाकाला सातवा नियम मोडता येईना, शकूला मोडता येईना, आणि डबा काही थांबेना.

शेवटचा रविवार उजाडला. मंगळवारी सायाका जाणार. अकरा वाजता विद्याधर सर अहवालाचा कागद न्यायला येणार होते. मी पोहे केले, सोफ्याला नवा अभ्रा घातला आणि गंधालीला सांगितलं, "काळजी करू नकोस. चार आठवडे समोरचा 'स' काढू दिला नाही मी."  सकाळीच नकाशा तिने भिंतीवरून काढून गुंडाळून ठेवला होता. नाही मिळालं तर बघायला नको म्हणून. 

सायाकाने पहाटे उठून निरोपाचे भाताचे तिकोनी गोळे केले होते. आत माझं लोणचं भरलेलं. (बरणी आता तळ दाखवत होती.) सर आले, बसले, पोह्यांना 'वा' म्हणाले. दार उघडंच होतं. मी चहा आणायला वळले आणि बघते तर सायाका पॅसेजमधून समोरच्या दाराकडे चाललीय. हातात मोठा डबा. डब्याला एका बाजूने जुनं वर्तमानपत्र चिकटलेलं, खाली सुतळी लोंबतेय.

ओलीस पळत होता!

"थांब!" मी अशी ओरडले की सरांच्या बशीतले पोहे उडाले. "तो डबा कुठून काढलास?"

"आजीजी, गोळे वीस झाले. छोट्या डब्यात बसत नाहीत. मी आजोबांना विचारलं, मोठा डबा? त्यांनी वर बोट केलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

"तो द्यायचा नाही!"

"का? डबा कोणाचा आहे?"

"त्यांचाच आहे! समोरच्यांचा!"

"मग परत द्यायला पाहिजे ना? नियम सात. रिकामा नाही. मी भरला."

"पण तिने माझा दिलेला नाही! अकरा वर्षं!"

सरांनी मी भरून दिलेला घराच्या माहितीचा कागद काढला आणि चष्मा वर केला. "कोणी? इथे तर लिहिलंय, समोरचं घर बंद असतं..."

आणि समोरचं बंद घर उघडलं. दारात शकू. कमरेला पदर खोचलेला, हातात झारा.

"काय गो माणिक, सकाळीच कुणाच्या नावान बोंब?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने मला नावाने हाक मारली. मग मीही राहिले नाही. सगळं काढलं. संक्रांत काढली, पंचवीस लाडू काढले, जिना काढला, तिन्ही साक्षीदार नावानिशी काढले. "सर, लिहा तुम्ही! खुशाल लिहा! माझा डबा हिने गिळला आणि तोंड वर करून 'माझोच' म्हणाली! शेजार बघायचाय ना तुम्हाला? हा बघा शेजार!" मागे गंधालीने मटकन खुर्चीत बसल्याचा आवाज मला आला. पण माझी गाडी उतारावर होती.

सायाका मध्ये उभी. एकदा माझ्याकडे बघते, एकदा शकूकडे. मग तिने काय करावं? तो भरलेला डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला, मान मागे टाकली आणि खालून वाचायला लागली. एकेक अक्षर, मी सातव्या महिन्यात वाचत असेन तसं.

"मा... णि... क. अ... नं... त. ठो..."

शकूच्या हातातला झारा खाली आला.

"...स... र. आजीजी, हे तुमचं नाव आहे ना?"

मी वाकून खालून बघितलं. ठिपके ठिपके. माझं अक्षर. माझ्या हाताचं. आणि 'ठ'च्या पोटात तो एक जास्तीचा ठिपका माझ्याकडे डोळ्यासारखा बघत होता.

शकू शांतपणे आत गेली आणि तिचा डबा घेऊन आली. उलटा करून सरांच्या नाकासमोर धरला. शकुंतला विष्णू नेरुरकर. तेही माझंच अक्षर.

"दिवाळीक मी अनारसे धाडले ह्या डब्यातसून," ती म्हणाली. "संक्रांतीक माझोच डबो माका लाडू घालून इलो. माका वाटला, परत केलस. रिकामो नाय केलस म्हणून मी खूश! आणि तू तेव्हापासून बोलायचीच बंद. मी म्हटलां, लाडवांका नावां ठेवलंय असा हिका कोणी सांगितलां की काय."

म्हणजे हिशेब असा. मी माझाच डबा अकरा वर्षं ओलीस ठेवला होता, सुतळीने बांधून, स्वतःच्याच माळ्यावर. अख्ख्या उपनगराची भांडी वाचणारी बाई मी. आणि स्वतःच्या डब्याखाली बघितलं नाही!

"मला माहीत होतं," हे हळूच म्हणाले. "माळ्यावर ठेवताना खालचा कागद फाटला, तेव्हा दिसलं होतं नाव."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, ह्या डब्याबद्दल घरात एक शब्द ऐकायचा नाही मला."

सरांनी घसा खाकरला. कागद गुडघ्यावर ठेवला. "मग आता... अहवालात..."

 मीच म्हटलं, "सर, चूक माझी आहे. पोरीचा काही दोष नाही. खोटं मी बोलले, तुम्ही मला नापास करा." (हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. आमच्या ह्यांनी तारीख लिहून ठेवली आहे.)

"पण आजीजी खोटं कुठे बोलल्या?" सायाकाने विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं. तिने वही उघडून आतला कागद काढला. "माझा अहवाल कालच झाला. मी वाचू?"

आणि तिने वाचलं. "'या घरात शेजारणीचा मान फार मोठा आहे. आजीजी तिचं नाव कधीच घेत नाहीत. फक्त 'ती' म्हणतात. नियम तीन. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, समोर कोणी राहत नाही. आमच्याकडेसुद्धा माणूस मनातलं सरळ बोलत नाही, दुसऱ्याने ओळखायचं असतं. मी ओळखलं. आजीजींना तिची फार आठवण येते. म्हणून मी रोज डबा नेला. आजीजी तिचं जेवण खाऊन रोज म्हणतात, इतक्या वर्षांत असं खाल्लं नाही.'"

शकू माझ्याकडे बघायला लागली. मी दाराच्या कडीकडे बघायला लागले.

"उसळ तुझी होती?" मी विचारलं.

"मग काय गंधालीची? तिका पाणी तापवूक येना नाय."

"मुगागाठी?"

"त्यासुद्धा. आणि वाचनालयात तू काय बोललंस तांही माझ्या कानार इलाहा. सात जन्म काय?"

मी वीस गोळ्यांतला एक उचलून तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको. दुसरा शकूने उचलला. चावत चावत म्हणाली, "लोणचां मात्र अजून तसांच करतंस हां, माणके." 'माणके' म्हणणारं आता जगात कोणी उरलेलं नाही, ती एकटी. मला गोळा गिळता येईना. (तिखट होता.)

सरांनी अहवाल घडी घालून बॅगेत ठेवला, खाली स्वतःचं एक वाक्यही न घालता. पंधरा दिवसांनी यादी लागली. दोन नावं, पहिलं गंधालीचं. नकाशा परत भिंतीवर गेला.

पण मी गप्प बसणारी नव्हे. यादी लागायच्या आधीच, सायाका निघायच्या आदल्या संध्याकाळी, मी तिला पुन्हा वही उघडायला लावली. झालेली शोभा कुठेतरी शहाणपणात जमा करायलाच हवी होती. "लिही. नियम अडतीस. भांडं परत करताना आधी खाली नाव वाचायचं. कोणी काहीही सांगो, कोणाच्याही हातून आलेलं असो, ज्याचं नाव त्यालाच परत द्यायचं. रेघ मार त्याच्याखाली." तिने दोन रेघा मारल्या.

ऑक्टोबरात गंधाली जपानला निघाली. तोवर माझे आणि शकूचे डबे इतके इकडून तिकडे झाले होते की पॅसेजची फरशी झिजली. सायाकाच्या आजीसाठी मी स्वतः बसून तीस डिंकाचे लाडू वळले, माझा पुरीडबा काढला, भरला, चिकटपट्टी लावली.

"आजी, खाली नाव बघून घे हां," गंधाली म्हणाली.

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं हेच केलंय. माझा डबा मी नुसत्या वजनावर ओळखते."

जानेवारीत दुपारी दार वाजलं. शकू. हातात डबा, तोंडावर असं हसू की मला काळजीच वाटली.

"जपानसून पार्सल इला," ती म्हणाली. "माझ्या नावान."

तिने चिठ्ठी दाखवली. सायाकाचं गोल गोल अक्षर. 'शकुंतला आजीजी, माझ्या आजीला तुमचे लाडू फार आवडले. ती म्हणते, असे लाडू करणारी बाई मोठ्या मनाची असणार. नियम अडतीसप्रमाणे नाव वाचून डबा तुम्हालाच परत पाठवत आहे. रिकामा नाही. सोळा मिठाया आणि एक काडेपेटी.'

माझे लाडू! तीस! मी वळलेले! मी तोंड उघडलं, पण कुठलाही शब्द काढला तर आधी अडतिसावा नियम आडवा येत होता.

"अर्धी मिठाई तुझी गो," शकू म्हणाली. "तुझ्याच डब्यात घालून आणलंय. ह्यावेळी मात्र नाव आधी बघून घे, मग माझ्या नावान बोंब मार."

"बघतेच!" मी म्हटलं, तिच्या हातातला डबा ओढून घेतला आणि तिथल्या तिथे उलटा केला.

नाव माझंच होतं. झाकण मात्र नीट लागलेलं नव्हतं.